पावकी ते नवा पैसा : उंब्रज परिसरातील शाळेचे गणित

इंग्रजी अमलापूर्वी देशावरच्या पंतोजींच्या शाळेत गणिताचे पुस्तक नव्हते. धूळपाटीवर अंक गिरवायचे, आणि संध्याकाळी परवच्यात पाढे म्हणायचे. एक ते तीसपर्यंतच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे येत : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. कृष्णा-तारळीच्या संगमावरच्या उंब्रजसारख्या बाजाराच्या गावात या पाढ्यांचा उपयोग रोजचाच होता. रुपयाला अडीच शेर भावाने सात रुपयांचा माल किती, हे विचारताच अडीचकी येणारा मुलगा साडेसतरा शेर सांगून मोकळा होई. मांडणी करायची वेळच येत नसे.

मापेही अर्ध्या-पावाच्या पटीतच होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. चाराने, सोळाने भाग जाणाऱ्या या जगात दशांश चिन्हाची गरज कोणाला भासणार?

जिथे पाढा थांबे तिथे त्रैराशिक सुरू होई. भास्कराचार्यांच्या 1150 मधील ‘लीलावती’त त्याचा नियम आहे : प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी मांडाव्या, फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. पाच पायल्या जोंधळ्याला तीन रुपये बारा आणे पडले, तर आठ पायल्यांना किती? आधी रुपयांचे आणे करायचे : 3 × 16 = 48, त्यात 12 मिळवून 60. मग 60 × 8 = 480, आणि 480 ÷ 5 = 96 आणे, म्हणजे सहा रुपये. मजुरांच्या हिशोबात मात्र क्रम उलटतो. बारा मजुरांना दहा दिवस लागणारे काम पंधरा मजूर 12 × 10 ÷ 15 = 8 दिवसांत संपवतात; हे व्यस्त त्रैराशिक. मुले चुकत ती बहुधा इथेच, कारण ओठावरचा नियम लावण्याआधी उत्तर वाढणार की घटणार, हे पाहावे लागते.

1818 मध्ये इंग्रजी अमल आल्यानंतर चित्र पालटू लागले. 1820 च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत मराठीतून गणिताची पुस्तके सिद्ध केली आणि रीत छापील झाली. पुढे त्रैराशिकाच्या जागी एकमान पद्धत रुळली. वरच्याच उदाहरणात आधी एका पायलीचे 12 आणे काढायचे आणि मग आठाने गुणायचे. पायऱ्या तितक्याच राहिल्या, पण का गुणायचे ते मुलाला कळले. 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी उंब्रजच्याच तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि शिक्षण कुणब्याच्या घरापर्यंत नेण्याचे काम हाती घेतले.

खरा तडाखा बसला तो 1 एप्रिल 1957 रोजी. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस सरळ आले, पण एका आण्याचे सव्वासहा कसे द्यायचे? कोष्टकात एका आण्याला सहा, तीन आण्यांना एकोणीस, सात आण्यांना चव्वेचाळीस पैसे ठरले. त्यामुळे चार वेळा एकेक आणा दिला तर चोवीस, आणि एकदम चार आणे दिले तर पंचवीस. लगोलग किलो-लिटर आले, शेर-पायली कायद्याने बाद झाली, आणि पावकी-औटकीची शाळेतली जागा दशांश अपूर्णांकांनी घेतली. पाठांतर कमी झाले म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात, पण ज्या मापांसाठी ते पाढे होते ती मापेच उरली नव्हती.

आणे मात्र जमिनीच्या व्यवहारात टिकले. सामाईक जमिनीतला वाटा आण्यांत सांगण्याची रीत अजून आढळते. 6 एकर 16 गुंठे जमिनीत एखाद्याचा तीन आणे हिस्सा असेल, तर एकराचे 40 गुंठे धरून एकूण 256 गुंठे होतात. प्रमाण 16, फल 256, इच्छा 3. 256 × 3 ÷ 16 = 48 गुंठे, म्हणजे 1 एकर 8 गुंठे. पिकाच्या उताऱ्याचा अंदाज, म्हणजे आणेवारीही, सोळा आण्यांवरच बेतलेली होती. सरकारी कागदात ती आता पैसेवारी झाली असून, पन्नास पैशांच्या खाली गेलेले गाव टंचाईच्या यादीत धरले जात असे.