उज्जयिनीतला फावला वेळ आणि सुटलेले सोबती

माणूस नवे काही शिकू लागला की जुने सोबती मागे पडतात, ही तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. संध्याकाळचा कट्टा सोडून कुणी तबला शिकायला किंवा नव्या भाषेच्या वर्गाला जाऊ लागला की ‘हा आता आपल्यातला राहिला नाही’ असे मित्र म्हणतात आणि जाणाऱ्याच्याही मनाला ते लागते. दोष विद्येच्या माथी मारण्याची ही रीत मला अन्यायाची वाटते. मैत्री तुटते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने, आणि याची चांगली साक्ष प्राचीन माळव्यात मिळते. उज्जयिनी हे वाहत्या वाटेवरचे शहर होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा ‘ओझेने’ असा उल्लेख आहे, आणि इथून अकीकासारखे दगड व तलम कापड भडोचच्या बंदरावर उतरत असे, हेही त्यात नोंदलेले आहे. अशा शहरात परमुलखातली माणसे येतात, कुणी वर चढतो, कुणी बुडतो, आणि सोबत जुळण्याचे व सुटण्याचे प्रसंग पदोपदी येतात.

त्या काळच्या नागर जीवनाचे नियम वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त सापडतात. या ग्रंथाची ख्याती एकाच विषयापुरती उरली हे दुर्दैव, कारण सुखवस्तू नागरिकाने दिवसाचा मोकळा वेळ कसा घालवावा याचे इतके तपशीलवार वर्णन दुसरीकडे क्वचितच मिळते. त्यात गायन, वादन, चित्र, माळा गुंफणे, पाककृती, कोडी अशा चौसष्ट कला येतात. त्याचबरोबर ‘गोष्ठी’ येते, म्हणजे मित्रांची बैठक. ही बैठक कुणाची? विद्या, बुद्धी, शील, वित्त आणि वय यांत जे समान, त्यांची. ही अट नीट पाहावी. पाचांपैकी वित्त हे सर्वांत चंचल. पैसा गेला की गोष्ठीतली जागा डळमळते, मग माणूस तोच असला तरी. पण वात्स्यायनाने त्यावरचा उपायही त्याच ग्रंथात नोंदवला आहे. ‘पीठमर्द’ नावाचा एक निर्धन माणूस तो वर्णितो. त्याच्याजवळ धन नाही, पण कलांत तो निपुण आहे आणि त्या शिकवून गोष्ठीतच आपला निर्वाह करतो. संकटात सापडलेली स्त्री परदेशातही या विद्यांच्या जोरावर सुखाने जगू शकते, असेही तो सांगतो. विरंगुळा म्हणून शिकलेली गोष्ट पुढे आधार होते, हे त्या समाजाला पक्के ठाऊक होते.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे या नियमांचे उज्जयिनीतले जिवंत चित्र आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे चारुदत्त आणि वसंतसेना मराठी घरांत पोचली, पण आपल्या विषयासाठी मूळ नाटकातला संवाहक अधिक महत्त्वाचा. चारुदत्ताचे दुःख असे, की पैसा गेल्याचे त्याला फारसे वाटत नाही. पैसा जाताच स्नेह्यांची माया पातळ झाली, हे त्याला जाळते. म्हणजे मित्र तुटले ते त्याने काही शिकल्यामुळे नव्हे. संवाहक मूळचा पाटलीपुत्राचा, गृहस्थाचा मुलगा. नवा मुलूख पाहण्याच्या ओढीने तो उज्जयिनीत आला. अंग रगडण्याची विद्या तो कला म्हणून शिकला होता, ती इथे त्याची उपजीविका झाली. ज्याच्या पदरी तो होता तो चारुदत्त दरिद्री झाल्यावर मात्र संवाहक जुगारात अडकला, त्यामुळे कला आली की आयुष्य सावरते असा सोपा निष्कर्ष इथे काढता येत नाही. पण वसंतसेनेने त्याचे कर्ज फेडले तेव्हा त्याला ते ऋण याच कलेने फेडावेसे वाटते: तिच्या दासीला ती शिकवावी, असे तो सुचवतो. पुढे तो भिक्षू होतो आणि मरणाच्या दारातून वसंतसेनेला परत आणणारा तोच असतो. जुगाऱ्यांची संगत त्याने कायमची टाकली, आणि ती टाकली म्हणून कुणाला त्याला कृतघ्न म्हणता येईल असे मला वाटत नाही.

यावर उज्जैनचाच माणूस सुदाम्याचे नाव पुढे करील. सांदीपनींच्या आश्रमातल्या दोन सहाध्यायांची मैत्री राजवैभव आणि दारिद्र्य यांच्यातल्या अंतराला पुरून उरली. मग जुनी मैत्री सुटू देणे समर्थनीय कसे? पण भागवतात त्या दोघांची भेट झाल्यावर कृष्ण कोणती आठवण काढतो ते पाहावे. गुरुपत्नीच्या सांगण्यावरून लाकडे आणायला रानात गेलेली, वादळात सापडलेली ती रात्र. त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट एकत्र शिकणे ही होती. शिवाय चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात करून कृष्ण तिथून निघून गेला, अशी परंपरा आहे. निघून जाण्याने ती मैत्री मेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाटके आणि पुराणे ही कल्पना, आणि फावला वेळ तर श्रीमंतांचाच, कष्टकऱ्याचे काय? याला उत्तर दगडावर कोरलेले आहे. उज्जैनच्या वायव्येला, शिवना नदीकाठच्या मंदसोरला, म्हणजे जुन्या दशपुराला, वत्सभट्टीने रचलेला एक शिलालेख मिळाला. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणकरांची एक श्रेणी, म्हणजे त्यांचा व्यावसायिक संघ, मुलाबाळांसह इथे येऊन स्थायिक झाली. लेख सांगतो, की त्यांच्यातले काही धनुर्विद्येत पारंगत झाले, काही नानाविध कथा जाणणारे, काही ज्योतिषी, काही धर्मचर्चेत रमलेले, काही रणांगणावर शूर, आणि काही आपल्याच विणकामात सर्वांत पुढे. काही इतिहासकारांच्या मते रेशमाचा व्यापार खालावल्यामुळे त्यांना असे धंदे शोधावे लागले. तसे असेलही, अडचणीतून शिकलेली विद्या काही कमी दर्जाची ठरत नाही. पण माझ्या मुद्द्याला आधार देणारी गोष्ट पुढची आहे. याच श्रेणीने मालव संवत 493 मध्ये, म्हणजे इसवी सन 436 च्या सुमारास, सूर्याचे मंदिर बांधले. पुढे त्याची पडझड झाली, तेव्हा संवत 529 मध्ये, 473 च्या सुमारास, तिनेच ते दुरुस्त करवले. मधल्या काळात जवळजवळ एक पिढी गेली होती, कुणी माग सोडला होता, कुणी धनुष्य उचलले होते, आणि तरी दोन्ही वेळा शिलालेखात त्यांची नोंद रेशीम विणकरांची श्रेणी म्हणूनच आहे.