पोटगी आणि शुश्रूषा : कायद्याच्या सव्वाशे वर्षांचा मागोवा

पंढरीच्या विटेची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. मातापित्यांची सेवा चालू असता साक्षात परमेश्वर दारी आला; पुंडलिकाने हातची सेवा न सोडता त्याच्यापुढे वीट सारली आणि थांबण्यास सांगितले. सेवा करणाऱ्यास उसंत नसते, हे मर्म त्या कथेने जाणले आहे. आपल्या देशातील कायद्याने ते केव्हा जाणले व कितपत जाणले, याचा इतिहास सभासद कुटुंबांपुढे ठेवावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो. अंथरुणास खिळलेले माणूस ज्या घराने कधी पाहिले नाही, असे घर आपल्या ज्ञातीत विरळाच. म्हणून हा विषय केवळ वकीलमंडळींवर सोपवून चालणार नाही.

वृद्ध मातापित्यांचे पोषण हे आपल्या धर्मशास्त्राने पुत्राचे कर्तव्य मानले होते. वडिलार्जित मिळकत हाती असो वा नसो, ते कर्तव्य सुटत नसे. परंतु इंग्रजी अमदानीत १८९८ चा फौजदारी प्रक्रिया कायदा झाला, तेव्हा त्याच्या ४८८ व्या कलमाने मॅजिस्ट्रेटपुढे पोटगी मागण्याचा हक्क पत्नीस व मुलांस दिला. आईबापांचा त्यात उल्लेखच नव्हता. स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली हिंदू दत्तक व पोटगी कायदा आला. त्याच्या २० व्या कलमाने वृद्ध वा विकल आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलावर व मुलीवर सारखीच टाकली, आणि निपुत्रिक सावत्र आईसही त्यात सामावून घेतले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर १२५ व्या कलमात आईबापांना मॅजिस्ट्रेटच्या दारी प्रथमच जागा दिली. मात्र महिना ५०० रुपयांहून अधिक रक्कम मिळू नये, असे बंधन होते. ते २००१ साली उठले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आली आहे.

विवाहित कन्येचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच वर गेला. एका पित्याने वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आपल्या विवाहित कन्येकडे पोटगी मागितली. कलमातील सर्वनाम पुल्लिंगी आहे, सबब ते कन्येस लागू नाही, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली तो अमान्य केला आणि लग्न झाल्याने कन्येचे कन्यापण संपत नाही, असा निर्वाळा दिला. स्वतःची मिळकत असलेल्या कन्येवर ही जबाबदारी आहेच, हे त्या दिवसापासून निर्विवाद झाले.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे २००७ चा मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम. याने वृद्धांसाठी वेगळे न्यायाधिकरण नेमले, वकिलांना त्यापासून दूर ठेवले, नोटीस पोचल्यापासून साधारणतः ९० दिवसांत निकाल लागावा असे ठरविले, आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह देवविण्याची तरतूद केली. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून घेऊन पुढे पाठ फिरविणाऱ्याचा दस्त रद्द ठरविण्याचा मार्ग २३ व्या कलमाने दिला. महाराष्ट्राने आपले नियम २०१० साली केले. आसामने आणखी पुढे जाऊन २०१७ च्या कायद्याने, आईबापांना न सांभाळणाऱ्या सरकारी नोकराच्या पगारातून १० टक्के रक्कम कापून ती त्यांना देण्याची व्यवस्था केली.

हा सर्व इतिहास गौरवास पात्र आहे, यात संशय नाही. तथापि सुज्ञ वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. यातील प्रत्येक कायदा पैसा कोणी द्यावा, एवढेच सांगतो. रात्री उठून औषध कोणी द्यावे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कोणी बदलावी, बेडपॅन कोणी उचलावे, याबद्दल तो मौन धरतो. पोटगी देणारा हात आणि शुश्रूषा करणारा हात हे बहुधा एकाच माणसाचे नसतात. शुश्रूषेचा हात सुनेचा असतो, अविवाहित बहिणीचा असतो, किंवा स्वतःच साठी उलटलेल्या पत्नीचा असतो. २०१९ साली केंद्र सरकारने लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. तीत घरातील मुलेबाळे, आजारी व वृद्ध यांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया २७.६ टक्के, तर पुरुष १४ टक्के आढळले. आणि अशा स्त्रीचे त्यात दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे जात होती, पुरुषाची ७६.

आपल्या राज्यातील एका योजनेचे नावच या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' ही निराधार वृद्धांना दरमहा साहाय्य देते. २०२३ साली ते १,५०० रुपये करण्यात आले. हे योग्यच झाले. परंतु नाव श्रावणबाळाचे आणि साहाय्य मातापित्यांचे! खांद्यावर कावड वाहणाऱ्याची झीज भरून काढण्याचा विचार त्या योजनेत नाही.

हा विचार कायद्यात अगदी हळूहळू शिरला. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला. 'आमच्यामागे याचे कोण?' हा आईबापांचा प्रश्न कायद्याने तेथे स्पष्टपणे हाती घेतला. २००८ साली केंद्र सरकारने आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांस ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, आणि २०१८ साली महाराष्ट्राने १८० दिवसांची. मात्र ही रजा अपत्यासाठी आहे. अंथरुणावरील सासूसाठी नाही. २०१० साली केरळने 'आश्वासकिरणम्' योजना काढून अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची सेवा करणाऱ्यासच दरमहा साहाय्य देण्यास आरंभ केला. रक्कम तुटपुंजी खरी. पण ती सेवा करणाऱ्याच्या नावे निघते, हे तिचे महत्त्व. पुढे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या केली, विनामोबदला सेवा करणारे आईबाप व कुटुंबीय तीत घेतले, आणि अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख केला. सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, ही पुस्ती मात्र त्यास जोडली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानेही रुग्णासवे राहून त्याची काळजी घेणाऱ्यास नावाने ओळखले.

परदेशी पाहावे तर जर्मनीने १९९५ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा चालू केला आहे. घरी राहून सेवा करणाऱ्या आप्तांचा निवृत्तिवेतनाचा हप्ताही त्यातून भरला जातो. आपल्याकडे मात्र २०१९ साली लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकाने सून व जावई यांना निर्वाहास जबाबदार धरण्याचे योजिले, तेव्हा सुनेच्या माथी कर्तव्य आले. तिच्या श्रमाचा मोबदला त्यात नव्हता. ते विधेयक २०२४ साली लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले.

कायदा बदलण्यास वेळ लागेल. तोवर आपल्या हाती काहीच नाही, असे नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, पती हयात असलेली सून सासऱ्याची वारस होत नाही. दहा वर्षे सेवा केलेल्या सुनेचे नाव मिळकतीत यावे, असे ज्यांस वाटते त्यांनी देहबुद्धी शाबूत असतानाच मृत्युपत्र करावे. ज्यांच्या घरी मतिमंद अपत्य आहे, त्यांनी ते अठरा वर्षांचे होताच जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा. आज-उद्या करीत राहू नये. आणि जे भाऊ परगावाहून दरमहा पैसे पाठवितात, त्यांनी वर्षातून एक महिना स्वतः येऊन उशाशी बसावे व बहिणीस वा भावजयीस मोकळे करावे. ही विश्रांती देण्यास कोणत्याही कलमाची गरज नाही.

आपल्या ज्ञातीत गुणी विद्यार्थ्यांचा व दात्यांचा सत्कार होतो, तो व्हावाच. परंतु ज्यांनी घराचा उंबरठा न ओलांडता कुणाचे तरी शेवटचे दिवस सुसह्य केले, त्यांचा पत्ता व्यासपीठास लागत नाही. पुंडलिकापुढे परमेश्वर विटेवर तिष्ठत राहिला. त्याच्या भक्तांनी, निदान आपल्या घरातील पुंडलिक कोण, एवढे तरी ओळखावे, अशी आमची सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.