पंचवीस अक्षरांची किल्ली

आजचा विषय वाचून काही जणांनी विचारलं, तत्त्वज्ञानाचे मास्तर कॉम्प्युटरच्या लायसन्सवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर वाणगावच्या एका प्रसंगात आहे, तिथूनच सुरुवात करू.

काही वर्षांपूर्वी वाणगावजवळच्या एका शाळेला मुंबईतल्या एका कंपनीने वापरलेले बारा कॉम्प्युटर भेट दिले. डिसेंबरात लॅब सुरू झाली. बहुतेक मुलं वारली घरांतली, पहिल्यांदाच कीबोर्डला हात लावणारी. उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा उघडली, तर प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात एकच ओळ: विंडोज ऍक्टिव्हेट करा. मुख्याध्यापक घाबरले. आपल्याला चोरीचा माल तर मिळाला नाही? बाजारातला एक पोरगा म्हणाला, "सर, पाचशे रुपयांत सगळे करून देतो, एक छोटी फाईल चालवायची." सरांनी आधी आम्हाला फोन केला, हे बरं झालं.

आता ही किल्ली आली कुठून, ते पाहू. विंडोज 95 च्या काळात दुकानातल्या डब्यावर दहा अंकांची किल्ली असे. तीन अंक, आडवी रेघ, मग सात अंक. त्या सात अंकांची बेरीज सातने भागली गेली की यंत्र समाधानी. म्हणजे सगळीकडे एक-एक टाकला तरी चालायचं! कुलूप होतं, पण राखणदार नव्हता. विंडोज 98 पासून पंचवीस अक्षरं आली. त्या किल्ल्यांत ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नसत, शून्य आणि एकही नसत; स्टिकर वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून ही काळजी.

खरा बदल 2001 मध्ये विंडोज एक्सपीने केला. किल्ली बरोबर असणं पुरेसं राहिलं नाही. ती कोणत्या यंत्रावर चालते हे कंपनीला कळवावं लागे. यंत्राची ओळख त्याच्या भागांवरून ठरे. मग मदरबोर्ड जळाला आणि बदलला, तर यंत्र तेच की दुसरं? 'मिलिंदपञ्हा'त नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? आम्ही चाळीस वर्षं वर्गात हा प्रश्न शिकवला. तो रिपेअरिंगच्या दुकानात रोज सुटतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

मोठ्या कंपन्यांची अडचण निराळी. पाचशे यंत्रांवर पाचशे किल्ल्या कोण टाकत बसणार? म्हणून व्हिस्टाच्या वेळी दोन रीती आल्या. एकीत एकच किल्ली ठरावीक संख्येइतक्या यंत्रांवर चालते. संख्या संपली की किल्ली नाकारली जाते. दुसरीत कंपनीच्या आत एक सर्व्हर बसतो, त्याला केएमएस म्हणतात. बाकीची यंत्रं त्याच्याकडे हजेरी लावतात. ही हजेरी 180 दिवस चालते, आणि यंत्र साधारण दर सात दिवसांनी ती नवी करून घेतं.

वाणगावचं कोडं इथेच सुटलं. आमचा एक माजी विद्यार्थी सिस्टीम ऍडमिन आहे, त्याला घेऊन गेलो. त्याने काळ्या खिडकीत एसएलएमजीआर ही आज्ञा दिली आणि दाखवलं: ही सगळी केएमएसची यंत्रं. कंपनीचं नेटवर्क सुटलं, हजेरी थांबली, सहा महिन्यांनी मुदत संपली. चोरी कुणीच केली नव्हती. दात्याने यंत्र दिलं, परवाना मात्र मागेच राहिला, आणि हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

मग उपाय काय? विंडोज 8 पासून बनवणारे कारखाने मूळ किल्ली मदरबोर्डमध्येच कोरून देतात. दहा यंत्रांत ती प्रो आवृत्तीची निघाली. वर कंपनीने एंटरप्राइज आवृत्ती चढवली होती. प्रो आवृत्ती नव्याने टाकली, तेव्हा तिने ती किल्ली आपणहून वाचली. उरलेली दोन जुनी होती, स्टिकरवरची अक्षरं झिजलेली. त्यांवर सी-डॅकची बॉस लिनक्स टाकली.

आणि ती पाचशे रुपयांची फाईल? ती खोटा केएमएस उभा करते. फाईलमधून आणखी काय आत येईल, ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने कलम 63बी आलं; बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. शाळेने त्या वाटेला का जावं?

डहाणू-तलासरीत पुराव्याचा प्रश्न नवा नाही. पिढ्यान् पिढ्या जमीन कसली, पण सातबाऱ्यावर नाव नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवायला सांगितलं, आणि नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून मानला. जमीन आणि कॉम्प्युटर एका मापाने मोजू नयेत, हे आम्ही जाणतो. पण कागद नाही म्हणजे माणूस चोर, ही घाई दोन्हीकडे सारखीच होते. आधी पुरावा कुठे असू शकतो, ते शोधावं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही चिप लागते, जुन्या यंत्रांत ती बहुधा नसते. म्हणजे आता अनेक कंपन्या जुनी यंत्रं वाटायला काढतील. कुणी शाळेला देऊ करत असेल, तर तीन गोष्टी विचारा: मूळ किल्ली कोणत्या आवृत्तीची, परवाना यंत्रासोबत येतो का, आणि तसं लेखी द्याल का? वाणगावच्या सरांनी आता हे तीन प्रश्न लॅबच्या दारावरच चिकटवले आहेत.