बेदाणा, खारीक आणि चॉकलेटचे कवच

'बेदाणा' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो मूळचा फारसी आहे हे लक्षातही येत नाही. 'बे' म्हणजे विना आणि 'दाना' म्हणजे बी. ज्यात बी नाही तो बेदाणा. जर्दाळूतला 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे आलुबुखारच्या जातीचे फळ. अंजीर, बदाम, पिस्ता, किसमिस ही नावेही फारसीतूनच आली. खुद्द 'मेवा' हा शब्दही तिथलाच. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना सुक्या मेव्याइतका सोपा धडा मला दुसरा सापडलेला नाही.

गेल्या काही वर्षांत या मेव्यावर चॉकलेट चढवून तो सुबक खोक्यांतून विकला जातो. रमजानमध्ये चॉकलेटचे खजूर, दिवाळीत चॉकलेटचे बदाम. घरी करायला हा प्रकार अगदी सोपा आहे, आणि कृती या लेखाच्या शेवटी दिलीच आहे. पण त्याआधी वाटीत काय काय जमा झाले आहे ते पाहू.

सुरुवात खजुरापासून करू. रमजानमध्ये शिक्षकांच्या खोलीत माझा डबा निघाला की कुणीतरी प्रेमाने म्हणतेच, "मॅडम, तुमचा खजूर द्या!" रोजा खजुराने सोडणे ही सुन्नत आहे, तेव्हा हे 'तुमचा' काही चुकीचे नाही. पण त्याच मैत्रिणींच्या घरी ओटी भरताना नारळ, हळकुंड, सुपारी आणि बदामाबरोबर खारीक असतेच. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारकेची पूड असते. खारीक मात्र 'आमची' असते. खजूर आणि खारीक एकाच झाडाची फळे आहेत, हे सांगितल्यावर बऱ्याच जणींना नवल वाटते.

खारीक म्हणजे नुसता वाळलेला खजूर नव्हे. फळ पूर्ण पिकण्याआधी, पिवळे किंवा लालसर आणि टणक असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि मग उन्हात वाळवतात. फारसीत फळाच्या या अवस्थेला 'खारक' म्हणतात. कच्छमध्ये ताज्या पिवळ्या फळालाही 'खारेक'च म्हणतात. ओमानमध्ये मबसली जातीचा खजूर असा उकळून वाळवत, आणि तो माल मुख्यतः हिंदुस्थानासाठीच असे. मुंबईत मशीद बंदरला आजही खारेक बाजार आहे. अलीकडच्या काळात आपल्याकडची बरीचशी खारीक सिंधमधल्या खैरपूर-सक्खर भागातून येत होती. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लागले, तेव्हा त्याचा फटका ओटीलाही बसला आणि शीरखुर्म्यालाही. शीरखुर्मा म्हणजे 'शीर' (दूध) आणि 'खुर्मा' (खजूर). पण आमच्या घरी त्यात पडतात ते भिजवलेल्या खारकेचेच पातळ काप. ओटी आणि ईद यांचे सामान एकाच पोत्यातून येते.

बेदाण्याचा प्रवास तर याहून वळणांचा आहे. तुर्कस्तान-इराण पट्ट्यातले बिनबियांचे जुने द्राक्ष १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्प्सन यांनी लावले आणि त्याला 'थॉम्प्सन सीडलेस' हे नाव पडले. तेच पुढे महाराष्ट्रात आले. सांगली जिल्ह्यात त्यातून निवडलेला एक वाण 'तास-ए-गणेश' म्हणून ओळखला जातो. तासगावचा बेदाणा बाजार आज देशभर प्रसिद्ध आहे. म्हणजे फारसी नावाचे फळ अमेरिकेला वळसा घालून आपल्या शिवारात आले, आणि आता त्याला कुणी परके म्हणत नाही.

मेव्याला कवच चढवण्याची कल्पनाही नवी नाही. इराण-अफगाणिस्तानात 'नुक्ल' नावाची मिठाई आहे. परातीत बदामाचे काप गरम ठेवून त्यावर थोडा थोडा साखरेचा पाक सोडत हलवत राहायचे, की पांढरा खडबडीत थर चढतो. आपल्याकडे संक्रांतीचा काटेरी हलवा याच रीतीने होतो. मंद शेगडीवरची परात, तीळ, चमचा-चमचा पाक आणि तासन् तास चालणारी बोटे. तेव्हा साखरेचे कवच जुने आहे, चॉकलेटचे तेवढे नवीन.

आणि चॉकलेट मुळात खाण्याची वस्तूच नव्हती. मध्य अमेरिकेतले माया आणि ॲझ्टेक लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून त्याचे कडवट पेय करत. या बिया तिथे नाण्यासारख्याही चालत. स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले, साखर घातली, पण तीनशे वर्षे ते पेयच राहिले. १८२८ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन घराण्याने कोकोतली चरबी दाबून वेगळी काढण्याची रीत पेटंट केली. ही चरबी म्हणजे कोको बटर. वेगळे निघालेले बटर पुन्हा जास्त प्रमाणात घातले की चॉकलेट पातळ होते, साच्यात ओतता येते आणि थंड झाल्यावर घट्ट बसते. १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खाण्याची वडी काढली. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट खूप वेळ घोटून मऊ करण्याचे यंत्र बनवले. खजूर बुडवून बाहेर काढला की त्यावर जो गुळगुळीत थर राहतो, तो या साऱ्या खटाटोपांमुळे शक्य झाला.

या गोडव्याची एक बाजू मिठाईच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगालच्या ताब्यातील साओ टोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवर पुष्कळ कोको पिके. अंगोलातून नेलेले मजूर तिथे कागदावर करारबद्ध आणि प्रत्यक्षात गुलाम होते. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने १९०६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या कंपन्यांचे मालक क्वेकर पंथाचे, गुलामगिरीचे जुने विरोधक. तरी तिथला कोको घेणे त्यांनी थांबवले ते १९०९ मध्ये. कॅडबरीच्या कानावर ही गोष्ट १९०१ पासूनच होती. एका वर्तमानपत्राने त्यांना ढोंगी म्हटले, म्हणून त्यांनी बदनामीचा खटला भरला. ज्यूरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

इथे थांबून फक्त युरोपकडे बोट दाखवणे मला पटत नाही. ओमानचे सुलतान सय्यद सईद यांचे 'सुलताना' हे जहाज १८४० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यात मस्कतचा खजूरही होता. पुढे अमेरिकेत या खजुराची मागणी वाढत गेली आणि ओमानच्या बातिना किनाऱ्यावरच्या बागांत राबत होती पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे. मालक मुसलमान होते. गुलाम मुक्त करणे हे मोठे पुण्य, ही शिकवण त्यांनाही ठाऊक होती. इतिहास शिकवताना दोन्ही बागा एकाच तासाला शिकवाव्यात, असे माझे मत आहे. एकीकडचा अन्याय सांगून दुसरीकडचा गाळला, की मुले इतिहास शिकत नाहीत, बाजू घ्यायला शिकतात.

आपल्याकडे चॉकलेट घरोघरी पोहोचले ते स्वातंत्र्यानंतर. कॅडबरीने १९४८ मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला, पुढे ठाण्यात कारखाना उभा राहिला. चौकाचे नावच 'कॅडबरी जंक्शन' पडले, आणि घराघरांत कुठल्याही चॉकलेटला 'कॅडबरी' म्हणू लागले.

आता कृती. मऊ खजूर २० घ्या. उभी चीर देऊन बी काढा, आत एकेक भाजलेला बदाम ठेवा. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. पातेल्यात थोडे पाणी गरम करून वर कोरडे भांडे ठेवा, भांड्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका. दोन तृतीयांश चॉकलेट त्यात वितळवा, भांडे उतरवा आणि उरलेले घालून ढवळत राहा. त्यामुळे ते हळूहळू निवते आणि वाळल्यावर चकाकी राहते. पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेटच्या गुठळ्या होतात, म्हणून भिजवलेला मेवा इथे चालत नाही. खजूर काट्यावर धरून बुडवा, जास्तीचे निथळू द्या आणि बटर पेपरवर ठेवा. जर्दाळू अर्धाच बुडवला तर त्याचा केशरी रंग दिसतो. शेवटी तळाशी उरलेल्या चॉकलेटमध्ये मूठभर बेदाणे घालून चमच्याने छोटे ढीग सोडा.

कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये डबा फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. बाजारातल्या कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ते वितळवून थेट वापरता येते, उरलेले मागाहून घालून निववण्याची गरज नसते. चव मात्र थोडी मेणचट लागते.

खारकेवरही हा प्रयोग करता येतो. ती फार कडक असते, म्हणून बी काढून बारीक तुकडे करावेत आणि बेदाण्यांबरोबर त्याच ढिगांत घालावेत. हळदीकुंकवाला हे द्या किंवा ईदच्या ताटात ठेवा, खारीक ओळखीचीच लागेल.