वाळूखालचे सोने आणि नवगावचे तारू



माझ्या नातवाने बार मित्झवाची भेट म्हणून धातू शोधणारे यंत्र मागितले. कैसरियाच्या समुद्रात पाणबुड्यांना सोने सापडल्याची हकीकत त्याच्या कानावर आली होती. "सबा, आपण अश्दोदला समुद्राच्या इतके जवळ राहतो, मग आपल्याला का नाही सापडणार?" असा त्याचा प्रश्न. मी यंत्र घेऊन दिले नाही. मुलगा रुसला. त्याची समजूत घालताना ज्या गोष्टी मी त्याला सांगितल्या, त्या आपल्या समाजातल्या इतर मुलांच्या आणि मोठ्यांच्याही कानी पडाव्यात म्हणून येथे लिहीत आहे.

प्रथम कैसरियाची हकीकत. २०१५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात काही हौशी पाणबुडे तेथील जुन्या बंदरात उतरले होते. हिवाळी वादळांनी तळाची वाळू हलवली होती. तळाशी पिवळी नाणी पाहून त्यांना प्रथम वाटले की, ही मुलांच्या खेळातली खोटी नाणी असावीत. दोनचार वर आणून पाहिली तर सोने! त्यांनी ही गोष्ट आपल्या मंडळाच्या प्रमुखाला कळवली आणि त्याने पुराणवस्तू खात्याला कळवले. खात्याचे पाणबुडे त्यांच्याबरोबर पुन्हा त्याच जागी उतरले आणि सुमारे २,००० सोन्याची नाणी वर आली. ती फातिमी खलिफांच्या काळची, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीची होती. बरीचशी अल-हाकिम व त्याचा मुलगा अज-जाहिर यांच्या कारकिर्दीतली; सर्वांत जुने पाव दिनाराचे नाणे मात्र नवव्या शतकात सिसिलीतील पालेर्मो येथे पाडलेले होते. काही नाण्यांवर दातांच्या खुणा होत्या. सोने अस्सल आहे की नाही हे कोणा व्यापाऱ्याने हजार वर्षांपूर्वी चावून पाहिले होते!

हे सोने कोणाचे? तज्ज्ञांनी निरनिराळे तर्क केले. करवसुलीचा पैसा ईजिप्तला नेणारे सरकारी गलबत तेथे बुडाले असावे, कैसरियाच्या शिबंदीचा पगार त्यात असावा, किंवा किनाऱ्यावरच्या शहरांशी व्यापार करणाऱ्या मोठ्या जहाजाची ती रोकड असावी. हे तर्क करता आले, कारण नाणी एके ठिकाणी, एकत्र आणि कोठे पडली होती त्या नोंदीसह मिळाली. तीच नाणी दहा जणांनी खिशातून नेऊन दहा सोनारांना विकली असती, तर सोने तेवढेच राहिले असते, पण गलबत पुन्हा एकदा, आणि कायमचे, बुडाले असते.

याच बंदरात २०१६ साली आणखी एक शोध जाहीर झाला. दोघा पाणबुड्यांना सुमारे १,६०० वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापारी जहाजाचा माल दिसला. त्यांनीही लगेच खात्याला कळवले. त्यात सूर्यदेवाची प्रतिमा असलेला ब्राँझचा दिवा होता, चंद्रदेवीची मूर्ती होती, पुतळ्यांचे तुकडे होते आणि हजारो नाण्यांचे दोन गठ्ठे होते. गठ्ठ्यांचे मिळून वजन २० किलो आणि त्यांचा आकार हुबेहूब मडक्याचा! मडके केव्हाच गेले होते, पण नाण्यांनी त्याचा आकार धरून ठेवला होता. तज्ज्ञांच्या मते हा सगळा माल वितळवण्यासाठी चाललेली मोड होती. वादळात खलाशांनी नांगर टाकले, ते तुटले आणि जहाज किनाऱ्यावर आपटले. ज्या मूर्ती भट्टीत जायच्या, त्या जहाज फुटल्यामुळे आपल्याला पाहायला मिळाल्या. नाण्यांचा गठ्ठा कोणी हातोड्याने फोडला असता, तर मडक्याची ही गोष्ट कोणाला कळली असती?

म्हणूनच या देशात १९७८ सालचा पुराणवस्तूंचा कायदा आहे. इ. स. १७०० पूर्वी माणसाने बनवलेली जी वस्तू सापडेल ती सरकारची, आणि सापडल्यापासून १५ दिवसांच्या आत खात्याला कळवली पाहिजे. परवान्यावाचून पुराणवस्तू शोधता येत नाहीत, आणि त्यात धातूशोधक यंत्र वापरणेही येते. नातवाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सगळे सरकारचेच?" मी म्हटले, सरकारचे म्हणजे तुझेही. संग्रहालयात तिकीट काढून बघायला मिळेल. सोनाराच्या मुशीत गेलेले कोणालाच बघायला मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. यंत्र वाजते ते धातूवर. लाकूड, दगड, मडके यांवर ते मुके असते. आणि बुडालेल्या जहाजाची खरी साक्ष बहुधा हेच मुके साक्षीदार देतात.

१९८५ साली मागान मिखाएल किबुत्झच्या एका सभासदाला किनाऱ्यापासून अवघ्या ७० मीटरवर, उथळ पाण्यात, दगडांचा ढीग आणि त्याखाली लाकूड दिसले. त्यानेही ते तसेच राहू दिले व तज्ज्ञांना कळवले. हैफा विद्यापीठाच्या लोकांनी ते उकरले. जहाज सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचे निघाले. लाकूड टिकले, कारण ते वाळूखाली गाडले गेले होते; तेथे हवा पोचत नाही आणि लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा जगत नाही. जहाजावर सोन्याचा खजिना नव्हता. सुताराची हत्यारे, मडकी, लाकडी नांगर आणि जहाजाचा तोल राखण्यासाठी तळाशी भरलेले सुमारे १२ टन दगड एवढाच काय तो ऐवज. पण यांतले बरेचसे दगड या किनाऱ्याचे नव्हते. ग्रीसच्या एव्हिया बेटाकडील निळसर दगडांशी त्यांचा मेळ बसला. एरवी कोणी ढुंकून पाहिले नसते अशा दगडांनी जहाजाचा प्रवास सांगितला! आज ते जहाज हैफा विद्यापीठाच्या हेख्त संग्रहालयात उभे आहे आणि त्याच्या बांधणीवरून तयार केलेले दुसरे जहाज २०१७ साली पाण्यात सोडण्यात आले.

सोन्याच्या आवईने काय होते तेही ऐका. १९८६ साली दुष्काळामुळे किनेरेतचे पाणी खूप खाली गेले आणि गिनोसार किबुत्झच्या दोघा भावांना, जे स्वतः कोळी होते, चिखलात जुन्या होडीची कड दिसली. बातमी फुटली आणि होडीत सोने आहे अशी आवई उठली. लोक रात्रीचे कंदील घेऊन हिंडू लागले. होडी कोणी उचकटून टाकील या भीतीने तज्ज्ञांना घाईघाईने काम हाती घ्यावे लागले. रात्रंदिवस खपून ११ दिवसांत त्यांनी ती बाहेर काढली. सोने नव्हतेच. होती ती सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या एका गरीब कोळ्याची होडी, जिला पुन्हा पुन्हा ठिगळे लावलेली होती. तिच्यात १२ जातींचे लाकूड सापडले! ज्याला जे मिळाले ते त्याने जोडले होते. अशी ठिगळे लावून आमच्या वाडवडिलांनीही संसार केले, म्हणून ती होडी पाहताना मला परकी वाटली नाही.

तिसरा शोध आपल्या मनाला अधिक जवळचा. १९८० साली अतलीतच्या उथळ पाण्यात एका युद्धनौकेच्या नाळेवरचा ब्राँझचा टोला सापडला, वजन ४६५ किलो. शत्रूच्या नौकेचे कूस फोडण्यासाठी तो बसवीत. त्यावरील गरुड, वज्र वगैरे चिन्हांवरून तो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला, ईजिप्तच्या टॉलेमी राजांच्या आरमारातला असावा असे मानतात. आज तो हैफाच्या सागरी संग्रहालयात आहे. त्याच शतकात अँटायोकस राजाने येरुशलायीममध्ये जुलूम केला, ज्याची आठवण आपण दर हनुक्काला काढतो. आणि त्याच जुलमाला कंटाळून आपले पूर्वज इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास समुद्रमार्गे निघाले, अशी आपल्या परंपरेतील एक समजूत आहे.

येथे वाचकांना नवगाव आठवले असेल. कोकणात अलिबागजवळ, खांदेरी-उंदेरीच्या बाजूला तारू खडकावर फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. जी प्रेते किनाऱ्याला लागली ती नवगावला पुरली, पुरुषांची एकीकडे व स्त्रियांची एकीकडे. हे आपण आजीच्या मांडीवर ऐकले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी ते आपल्या इतिहासात नोंदवले. त्यांनी १८९७ साली लिहिलेला तो ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. नवगावला आज स्मारक उभे आहे आणि इस्राएलहून जाणारी आपली माणसे तेथे थांबून प्रार्थना करतात.

पण ते तारू कोणालाही सापडलेले नाही. एक फळी नाही, एक नांगर नाही. तारू केव्हा फुटले याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी ते शतकानुशतके मागे नेतो, कोणी पुढे आणतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रक्ताच्या तपासणीवरच्या अभ्यासात असे दिसले की, आपल्यात मध्यपूर्वेतील यहुदी वंश आणि हिंदी वंश दोन्ही मिसळलेले आहेत. रक्ताने एवढे सांगितले. तारवाचे नाव, साल, बंदर रक्त सांगू शकत नाही.

ते सांगणारे काही उरले असेल का? खडकाळ किनारा आणि दर पावसाळ्यात खवळणारा समुद्र पाहता लाकूड टिकले असेल अशी आशा फार नको. पण दगड कुजत नाही. कोकणचा दगड काळा. त्या काळ्या दगडांत समुद्राच्या तळाशी परमुलखाचा एखादा ढीग पडलेला असेल, किंवा दगडी नांगर असेल, तर मागान मिखाएलच्या दगडांप्रमाणे तोही एक दिवस बोलेल. मात्र तो जागेवर असला पाहिजे. कोणी हौसेने उचलून दिवाणखान्यात आणून ठेवला, तर तो नुसता दगड. पाहुण्याला दाखवायच्या पलीकडे त्याचा उपयोग नाही.

म्हणून जे कोणी नवगावला जातील त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. तेथील वाळूतून आठवण म्हणून काही उचलू नका. वेगळे काही दिसले तर छायाचित्र घ्या, जागा लिहून ठेवा आणि तेथील अधिकाऱ्यांना कळवा. भारतातही १८७८ पासून गुप्तधनाचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदाही आहे. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, तर ज्यांचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही त्या बुडालेल्यांच्या मानाखातर हे करावे. आपल्याकडे त्यांची दुसरी कोणतीही वस्तू नाही.

असो. नातवाचे काय झाले ते सांगून संपवतो. हिवाळ्यात एका वादळानंतर आम्ही दोघे अश्दोदच्या वाळूवर चालत होतो. यंत्र नव्हते, नुसते डोळे. त्याला हिरवट पडलेले एक नाणे दिसले, मधोमध भोक असलेले. त्याने हात लावला नाही! मला हाक मारली, छायाचित्र काढले, जागा वहीत लिहिली आणि मग खात्याला विचारले. उत्तर आले की, हे ब्रिटिश अमदानीतले दहा मिल्सचे नाणे, १९४२ सालचे; पुराणवस्तू नाही, खुशाल ठेवा.

तो थोडा हिरमुसला. मी मात्र ते नाणे हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. त्याच युद्धाच्या वर्षांत आमच्याकडे मुंबईत असाच भोकाचा पैसा निघाला होता, आणि आई मला तो सुतळीत ओवून देत असे. नातवाला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "सबा, तो पैसा आता कोठे आहे?"

तो मी केव्हाच हरवला. कोठे हरवला, तेही आठवत नाही.