इजाजत ते चेंज रिपोर्ट

संस्थांची दप्तरं लिहायच्या कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या वकीलसाहेबांनी एक उर्दू कागद पुढ्यात टाकला. "बाई, साल किती?" कागदावर 1342. मी म्हटलं, हिजरी असेल. "फसली आहे. 590 मिळवा." आलं 1932. एका देवळाच्या इनाम जमिनीचा मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी दाखला, होता तो. पुढं तीस वर्षं औरंगाबादेत (शहराचं नाव बदललं, माझी जीभ अजून बदलायची आहे) मी ही बेरीज करत आले.

पुण्या-मुंबईच्या लोकांना हे मुद्दाम सांगावं लागतं, की संस्था काढण्याचा आमच्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेनं आला. सोसायटी नोंदणीचा कायदा 1860 चा. सात माणसं जमवा, उद्देश लिहा, घटना जोडा, नोंदवा. पण तो इंग्रजी मुलखात. निजामाच्या राज्यात त्या धर्तीचा कायदा झाला 1350 फसलीत. करा बेरीज. म्हणजे तब्बल ऐंशी वर्षांनी. तोवर इथं चालायची ती गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रकं. त्यातलं 'गश्ती निशाण 53' माझ्या आजोबांना तोंडपाठ होतं, कारण सभा घ्यायची तर आधी इजाजत मागा, हे त्यात होतं. खासगी शाळेलाही इजाजत. देवळं, मठ, दर्गे यांच्यावर देखरेखीला 'उमूर-ए-मजहबी' हे स्वतंत्र खातं. आजोबा म्हणायचे, तेव्हा संस्था काढणं सोपं होतं, फक्त काढू देत नव्हते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच, 1938 साली, बंदी आली. जन्मायच्या आधी दप्तर बंद! असल्या हवेत 1915 साली निघालेली सरस्वती भुवन टिकली, वाढली, याचं नवल मला त्या शाळेच्या इमारतीपेक्षा जास्त वाटतं.

पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य गेलं आणि चित्र पालटलं, पण कागद लगेच पालटत नाहीत. डॉ. आंबेडकरांनी 1945 साली मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1950 साली तिचं कॉलेज इथं सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद. संस्था मुंबईची, कॉलेज हैदराबाद राज्यातलं. एकाच संस्थेला दोन राज्यांचे कायदे सांभाळायचे.

1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्यामागोमाग 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही आला. इजाजतीच्या जागी आता नोंद आली. फरक मोठा आहे. आधी विचारून करायचं, ते आता करून कळवायचं झालं. मात्र महाराष्ट्रानं यात एक गाठ मारून ठेवली आहे: धर्मादाय उद्देशाची सोसायटी म्हणजे न्याससुद्धा, म्हणून आपल्याकडं संस्थेला दोन दाखले लागतात. एक 1860 च्या कायद्याचा, दुसरा न्यासाचा, 'एफ' अक्षराचा. बाहेरच्या राज्यातला कोणी आला की विचारतो, दोन कशाला? मी सांगते, एक जन्माचा आणि एक वागणुकीचा. दरवर्षी हिशेब, ऑडिट; जमीन विकायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी. इजाजत पुरती गेली नाही, जमिनीपाशी शिल्लक राहिली. तिथं ती असावी, असं माझं मत आहे. मुंतखबातली किती एकरं कुठं गेली, हे दप्तर चाळणाऱ्याला ठाऊक असतं.

खरा घोळ वेगळाच. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. तो मंजूर झाला की न्यासाच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकवर, नाव चढतं. कायदा एवढाच. पण आपल्याकडं निवडणूक होते, पेढे वाटले जातात, फोटो छापून येतो आणि चेंज रिपोर्ट राहतो. मी स्वतः एका वाचनालयाचं दप्तर लिहायची. तिथले तीन विश्वस्त वारले, नवे आले, काम उत्तम चाललं. अकरा वर्षं कोणी अर्ज दिला नाही, आणि मीही 'पुढच्या महिन्यात' म्हणत राहिले. मग दोन गट पडले. दोघांनी आपापली यादी दाखल केली, आणि उताऱ्यावर मात्र वारलेल्यांचीच नावं! बँकेनं खातं गोठवलं. पुस्तकं आजही कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे, किल्ली कोणाची यावर तारखा पडतात. गश्तीच्या काळात संस्था सरकार बंद करायचं. ही आम्ही आमच्या हातानं बंद केली.

परदेशी पैशाचा कायदा मात्र पुन्हा जुन्या इजाजतीकडं झुकलेला. तो पहिल्यांदा आला 1976 साली, आणीबाणीत. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या भागात कितीतरी नवी मंडळं निघाली, तेव्हा तो बऱ्याच जणांनी पहिल्यांदा वाचला. 2020 च्या दुरुस्तीनं तर परदेशी देणगीचं खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडायचं ठरलं, कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून 20 टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेनं तो पैसा लहान संस्थेकडं वळवणंही बंद झालं. या शेवटच्या कलमानं खेड्यातल्या मंडळांना सगळ्यात जास्त चेपलं. त्यांचं इंग्रजी अर्जांचं काम मोठ्या संस्थाच करून देत असत.

तुम्ही एखाद्या वाचनालयाचे, देवस्थानाचे, शाळेचे विश्वस्त असाल, तर या महिन्यात परिशिष्ट एकचा उतारा काढून आणा. त्यावरची किती माणसं हयात आहेत, ते मोजा.