हरवलेलं पोलाद : दख्खनची मूस आणि दमास्कसची तलवार

काल्पनिक जगाच्या कथांमध्ये एक धातू आपल्याला हमखास भेटतो. टॉल्किनकडे मिथ्रिल आहे, जॉर्ज मार्टिनकडे व्हॅलिरियन पोलाद. दोन्ही दुर्मिळ. व्हॅलिरियन पोलाद बनवायची विद्या तर बुडालेली, त्यामुळे जुनी तलवार म्हणजे घराण्याचा ठेवा. ही नुसती कल्पनेची भरारी आहे का? आज आपण अशा एका खऱ्या धातूची गोष्ट बघू, आणि ती आपल्या शेजारचीच आहे.

दक्षिणेत पोलादाला 'उक्कू' म्हणतात. त्याचंच इंग्रजांच्या तोंडी 'वूट्झ' झालं, असं साधारण मानलं जातं. आपला 'पोलाद' हा शब्द मात्र फारसीतून आला. एकाच धातूची ही दोन नावं शेजारी ठेवली, की व्यापाराची वाट दिसते. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत हे पोलाद बनायचं, आणि ते न्यायला इराणी व्यापारी येत.

कृती ऐकायला सोपी आहे. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालायचे, सोबत लाकूड आणि पाला. तरवडाचं लाकूड यासाठी वापरल्याच्या नोंदी आहेत. तोंड मातीनं लिंपायचं आणि भात्यावर तासन्‌तास तापवायचं. लाकडातला कार्बन लोखंडात उतरतो, सगळं वितळतं आणि सावकाश थंड होतं. हाती येते एक छोटी वडी. तिच्यात कार्बन साधारण दीड टक्का.

खरी परीक्षा पुढे, लोहाराकडे. ही वडी पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवली, तर घणाखाली तिचा चुरा होतो. युरोपच्या लोहारांना हाच अनुभव आला. लालबुंद ठेवून, धीरानं, पुन्हापुन्हा ठोकली, तरच पातं तयार होतं. मग हिराकशीसारख्या क्षारानं ते धुतलं, की पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिलाच 'जौहर' म्हणत.

१७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत जॉर्ज पिअर्सननं या पोलादावर निबंध मांडला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनतं असं म्हटलंय! नमुने मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉटनं पाठवले होते, म्हणून माल मुंबईचा ठरला. मूस पेटवणारा माणूस कागदावर आलाच नाही. पुढे मायकेल फॅरेडेनंही यावर प्रयोग केले. तो स्वतः लोहाराचा मुलगा. कार्बनचं महत्त्व १८२० च्या दशकात पॅरिसच्या ब्रेआँनं ओळखलं. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हर्होवेन आणि पेंड्रे यांनी दाखवलं, की नक्षीमागे व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी अल्प अंशही असतो. म्हणजे खनिज बदललं, तर तीच कृती करूनही नक्षी येईलच असं नाही.

आता गंमत बघा. दख्खनचं पोलाद इराणला जात होतं, तेव्हा मराठ्यांच्या हाती 'फिरंग' होती, म्हणजे युरोपातून आलेल्या सरळ पात्याची तलवार. मग आपलं पोलाद कमी दर्जाचं होतं का? तसं नाही. तलवारी व्यापारातून फिरत होत्या, आणि जिला जे काम जमतं ती त्यासाठी घेतली जात होती.

मग ही विद्या बुडाली कशी? कथांमध्ये एक म्हातारा उस्ताद गुपित पोटात घेऊन मरतो. इथं तसं झालं नाही. बंदुकांमुळे तलवारीचं गिऱ्हाईक घटलं. विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागलं. कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावर सरकारी निर्बंध आले. खाणवाला, कोळसेवाला, मूस घडवणारा, भाता ओढणारा, व्यापारी आणि लोहार अशी ही साखळी होती. एकेक कडी निखळत गेली, तशी उरलेल्यांना आपापली कला पोटासाठी सोडावी लागली.

म्हणून संग्रहालयात जौहरदार पातं दिसलं, तर मुठीवरच्या सोन्यापाशी थांबू नका. त्या लाटांमध्ये कुणाचंही नाव कोरलेलं नाही, पण एका आख्ख्या वस्तीचं काम तिथं आहे. 'हरवलेली विद्या' असं आपण सहज म्हणतो. ती ज्यांच्या हातून गेली, त्या माणसांचं पुढे काय झालं, हा प्रश्न इतिहासानं आधी विचारायला हवा.